लळा कसा लागतो?

सकाळी सहाच्या सुमारास गंगापूर रोडवर जेहान सर्कलकडून सोमेश्वरच्या दिशेनं चालत गेलं, की कुत्रा फिरवणाऱ्यांमध्ये एका विशिष्ट प्रकारचे गृहस्थ हमखास दिसतात. वय पंचावन्न ते पासष्ट, एका हातात पट्टा, दुसऱ्या हातात जुना पेपर आणि पिशवी. कुत्रा कुणाचा, असं विचारलं तर उत्तर येतं, "मुलीनं आणला होता." किंवा, "नातवाचा हट्ट, दुसरं काय." थोडं बोलतं केलं की कळतं, घरात कुत्रा नको असं सगळ्यात ठामपणे सांगणारे हेच काका होते. "तो घरात आला तर मी गच्चीवर झोपायला जाईन," असंही म्हणून झालेलं असतं. आता मुलगी नोकरीसाठी पुण्याला, नातू सकाळी क्लासला, आणि कुत्रा जेवतो तो फक्त यांच्या हातून.

इतक्या घरांत हे घडतं की त्यावर विनोद झाले आहेत. पण त्या विनोदाच्या पोटात एक गंभीर प्रश्न आहे. आपला सर्वसाधारण समज असा, की आधी प्रेम वाटतं आणि मग माणूस काळजी घेतो. काकांच्या बाबतीत झालं उलटं. त्यांना प्रेमबिम काही वाटत नव्हतं. पण रात्री पिल्लू कुईकुई करायचं तेव्हा झोपमोड त्यांची व्हायची, उठून फरशी पुसायचे ते, आणि गोचीड काढायला चष्मा लावून बसायचेही तेच. सहा महिन्यांनी कधीतरी लक्षात आलं, की गावाला गेल्यावर पहिला फोन आपण त्याच्या जेवणाची चौकशी करायला लावतो. मराठीनं हे फार पूर्वीच ओळखलेलं दिसतं. आपण लळा 'करत' नाही, लळा 'लागतो'. तहान लागते, सवय लागते, तसा.

कुत्र्याच्या बाबतीत ही गोष्ट मान्य करायला सोपी जाते. मुलांच्या बाबतीत मात्र ती कुणी बोलत नाही, आणि न बोलल्यामुळे बरंच दुखणं साठून राहतं. बाळ पहिल्यांदा हातात आलं की आईला मायेचा पूर यावा, बापाचे डोळे भरून यावेत, अशी चित्रपटांनी आणि नातेवाइकांनी घालून दिलेली अपेक्षा असते. प्रत्यक्षात कित्येक बायकांना त्या क्षणी फक्त थकवा जाणवतो. कित्येक पुरुषांना त्या लाल, सुरकुतलेल्या जिवाकडे बघून भीती वाटते, किंवा काहीच वाटत नाही. मग 'माझ्यातच काहीतरी कमी आहे' हा विचार मनात घर करतो. पाचवीची पूजा, बारसं, फोटो सगळं होतं, पण ही गोष्ट ना सासूला सांगता येते ना मैत्रिणीला.

अशा आईवडिलांसाठी विज्ञानाकडे दिलासा आहे. फिलिपाइन्समधल्या सेबू शहरात 624 तरुणांच्या शरीरातल्या टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाची पातळी आधी 2005 मध्ये, त्यांच्या विशीच्या सुरुवातीला मोजली गेली आणि नंतर पुन्हा 2009 मध्ये. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसलं, की या काळात जे बाप झाले त्यांची पातळी इतरांपेक्षा बरीच जास्त घसरली होती. पण खरी मेख पुढे आहे. बाप झालेल्यांमध्येही जे रोज तीन किंवा अधिक तास मुलाचं करत होते, त्यांच्यात हे संप्रेरक मुलाच्या संगोपनात भाग न घेणाऱ्या बापांपेक्षा कमी आढळलं. नुसतं बाप होण्यापेक्षा मुलाचं करण्याशी शरीरातल्या बदलाचा संबंध अधिक जवळचा दिसतो. यात मर्दानगी कमी झाल्याची चिंता करण्यासारखं काही नाही. अनेक पक्षी-प्राण्यांतही पिल्लांची देखभाल करणाऱ्या नरांमध्ये असाच बदल दिसतो.

दुसरा अभ्यास इस्रायलच्या बार-इलान विद्यापीठातला, 2014 चा. पहिल्यांदाच आईबाप झालेल्या 89 जणांच्या मेंदूचं स्कॅनिंग त्यात झालं. मुलाची मुख्य जबाबदारी उचलणाऱ्या आया, त्यांना मदत करणारे वडील, आणि घरात आई नसताना स्वतःच मूल वाढवणारे वडील असे तीन गट होते. भावनिक सावधगिरीशी संबंधित अमिग्डाला हा मेंदूचा भाग आयांमध्ये जास्त सक्रिय होता. मदतनीस वडिलांमध्ये दुसऱ्याच्या मनातलं ओळखण्याशी संबंधित भाग अधिक काम करत होता. तिसऱ्या गटातल्या, म्हणजे आईच्या जागी उभ्या राहिलेल्या वडिलांमध्ये दोन्ही भाग कामाला लागलेले दिसले. सगळ्या वडिलांचा एकत्र विचार केला, तर बाळाला भरवण्यात, न्हाऊ घालण्यात, झोपवण्यात जितका जास्त वेळ गेलेला, तितका या दोन भागांमधला संपर्क घट्ट होता. गरोदरपण आणि प्रसूती आईच्या मेंदूला एक मोठा धक्का देऊन जागं करतात हे खरं. पण बापालाही त्या खोलीत शिरायला दार आहे, आणि ते लंगोट बदलण्याच्या बाजूनं उघडतं.

आपल्याकडे घरी आजी आणि मावशी असल्या की बापाला "तू राहू दे, तुला नाही जमायचं" म्हणून बाहेर काढतात. त्यात माया असते, अनुभवही असतो. पण त्यामुळे त्याचा सराव बुडतो. पुढे पंधरा वर्षांनी "मुलं माझ्याशी बोलतच नाहीत" म्हणणाऱ्या अनेक बापांची गोष्ट या 'राहू दे'पासून सुरू झालेली असते, असं माझं मत आहे.

हे सांगताना एक सावधगिरी. बाळंतपणानंतर आईला दोन आठवड्यांहून जास्त काळ सतत उदास वाटत असेल, बाळ झोपलेलं असतानाही झोप येत नसेल, बाळाला किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर 'हळूहळू लळा लागेल' म्हणून वाट बघत बसू नये. तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. प्रसूतितज्ज्ञांशी किंवा मानसोपचारतज्ज्ञांशी लगेच बोलावं. सरकारची 'टेलिमानस' ही मोफत मदतवाहिनी 14416 या क्रमांकावर मराठीतही उपलब्ध आहे.

काळजी घेताना नेमकं होतं काय? त्यात स्पर्श आहे आणि नजर आहे. स्पर्शाचं महत्त्व विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पाश्चात्त्य वैद्यकाला फारसं मान्य नव्हतं. मुलांना फार कवटाळू नका, लाडावतील, असं तिथले तज्ज्ञ सांगत. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात हॅरी हार्लो यांनी 1950 च्या दशकात माकडांच्या पिल्लांना दोन कृत्रिम आया दिल्या. एक तारेची, दुधाची बाटली लावलेली. दुसरी मऊ कापडाची, पण दूध नसलेली. पिल्लं भुकेपुरती तारेच्या आईकडे जात आणि उरलेला दिवस कापडाच्या आईला बिलगून काढत. हे प्रयोग क्रूर होते, आज तसे करू दिले जाणार नाहीत. पण 'जो खाऊ घालतो त्याच्यावर प्रेम जडतं' हा जुना समज त्यांनी मोडीत काढला. गंगापूर रोडवरच्या काकांचा कुत्राही वाडगं भरणाऱ्यापेक्षा शेजारी बसणाऱ्याला जास्त ओळखतो.

स्पर्शाची ताकद मोजायची तर कमी वजनाच्या बाळांकडे बघावं. 1978 मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांच्याकडे पुरेसे इन्क्युबेटर नव्हते, म्हणून त्यांनी बाळांना आईच्या उघड्या छातीवर बांधून ठेवायला सुरुवात केली. कांगारू पद्धत म्हणून ती जगभर गेली. पुढे भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांत मोठा अभ्यास झाला. दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय त्यात होतं. बाळ स्थिर होण्याची वाट न बघता जन्मानंतर लगेच ही पद्धत सुरू केली तर काय होतं, हे त्यात तपासलं. 2021 मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार पहिल्या 28 दिवसांतले मृत्यू 15.7 टक्क्यांवरून 12 टक्क्यांवर आले. म्हणजे दर चारांतला जवळजवळ एक मृत्यू टळला. छाती वडिलांची किंवा आजीची असली तरी चालते. एखाद्या औषधानं एवढं केलं असतं तर त्याच्या जाहिराती लागल्या असत्या.

आता नजर. 2015 मध्ये जपानच्या अझाबू विद्यापीठातल्या संशोधकांनी कुत्रे आणि त्यांच्या मालकांना अर्धा तास एका खोलीत एकत्र सोडलं. आधी आणि नंतर दोघांच्याही लघवीतलं ऑक्सिटोसिन मोजलं. आई बाळाला पाजते तेव्हा स्रवणारं हे संप्रेरक. जे कुत्रे मालकाच्या डोळ्यांत जास्त वेळ बघत होते, त्यांच्या आणि त्यांच्या मालकांच्याही शरीरात ते वाढलं. माणसांनी वाढवलेल्या लांडग्यांबाबत असं काही दिसलं नाही, कारण लांडगा माणसाच्या डोळ्यांत फारसा बघतच नाही. प्रयोग छोटा होता आणि लघवीतल्या मोजमापावर शास्त्रज्ञांत वाद आहेत, त्यामुळे हे अंतिम सत्य म्हणून घेऊ नये. पण 2019 मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली. भुवई आतल्या बाजूनं वर उचलणारा एक छोटा स्नायू कुत्र्यांमध्ये चांगला विकसित झालेला असतो, लांडग्यांमध्ये तो जवळपास नसतो. पोळीच्या तुकड्यासाठी तो जो बिचारा चेहरा होतो, तो हजारो वर्षांच्या निवडीतून घडला असावा. ज्यांच्याकडे बघून आपल्याला कळवळा आला, त्यांना आपण खाऊ घातलं.

या सगळ्याचं महाराष्ट्रातलं सर्वात विलक्षण उदाहरण कुठल्या प्रयोगशाळेत नाही, ते हेमलकशात आहे. गडचिरोलीच्या भामरागड तालुक्यात 1973 मध्ये बाबा आमटे यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथे राहायला गेले ते माणसांवर उपचार करण्यासाठी. सुरुवातीच्या काळात प्रकाशभाऊंना शिकारीहून परतणारे माडिया आदिवासी दिसले. मारलेली माकडीण त्यांच्याजवळ होती आणि तिला तिचं जिवंत पिल्लू चिकटलेलं होतं. ते पिल्लू त्यांनी मागून घेतलं आणि घरी आणलं. तिचं नाव बबली. पुढे अस्वलं, बिबटे, साळिंदर, मगरी अशी अनाथ पिल्लं येत गेली आणि आमट्यांची मुलं या गोतावळ्यातच वाढली. त्यांपैकी नेगल या बिबट्यावर विलास मनोहर यांनी लिहिलेलं पुस्तक अनेक वाचकांना आठवत असेल.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. माडियांसाठी शिकार ही हौस नव्हती, भूक होती. त्यांना कुणी भूतदयेवर व्याख्यान दिलं नाही. पण काही काळानं अनाथ पिल्लं हेमलकशाला आणून द्यायला सुरुवात केली ती त्यांनीच.

हे वाचून कुणी बिबट्याचं पिल्लू घरी आणायचं मनात आणू नये. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो गुन्हा आहे. शिवाय नाशिक जिल्ह्यात ऊसतोडीच्या वेळी सापडणारी पिल्लं बहुधा अनाथ नसतातच. आई जवळपास असते. वनखातं पिल्लं तपासून संध्याकाळी त्याच जागी परत ठेवतं आणि मादी रात्री येऊन एकेक करून तोंडात धरून घेऊन जाते. ऑगस्ट 2020 मध्ये इगतपुरी तालुक्यात एका मादीनं चक्क झोपडीत चार पिल्लांना जन्म दिला होता. तिथे करण्यासारखी सर्वात चांगली गोष्ट होती ती म्हणजे लांब राहणं. एखाद्या जिवावर माया असणं आणि त्याला हात लावायला मिळणं, या दोन गोष्टी प्रत्येक वेळी जोडीनं येत नाहीत. वयात येणाऱ्या मुलांच्या आईबापांनाही ते एक दिवस कळतंच.

न बोलणाऱ्या जिवाचं करताना आणखी एक धडा मिळतो, आणि तो नवख्या आईबापांना कुणीतरी आधीच सांगायला हवा. आपण बहुतेक वेळा चुकतो. बाळ रडतं, आपल्याला वाटतं भूक, असतो गॅस. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी 1970 च्या दशकात आयांना सांगितलं, की बाळाशी खेळता खेळता काही वेळ चेहरा निर्विकार ठेवा. बाळं आधी हसून बघत, मग हातवारे करत, मग रडत आणि शेवटी तोंड फिरवत. हा प्रयोग प्रसिद्ध आहे. त्यांचं दुसरं निरीक्षण मात्र मागे राहिलं. चांगल्या, निरोगी आई-बाळाच्या जोड्यांमध्येही दोघांचे सूर जुळलेले असतात ते जेमतेम तीस टक्के वेळ. उरलेला वेळ चुकण्यात आणि दुरुस्त करण्यात जातो. बाळ या दुरुस्तीतूनच शिकतं, की बिनसलेलं परत जुळू शकतं. म्हणून परिपूर्ण आई होण्याच्या नादात स्वतःला जाळून घेण्याची गरज नाही. फक्त मोबाइलमध्ये डोळे घालून बसलेला चेहरा बाळासाठी त्या निर्विकार चेहऱ्यासारखाच असतो, एवढं लक्षात ठेवावं.

कुत्रा आणि मूल एकत्र वाढवणाऱ्या घरांत ही दुरुस्ती मोठ्यांनाच करावी लागते, कारण इथे दोघंही एकमेकांना वाचायला चुकतात. दात दाखवणारा कुत्रा लहान मुलांना चक्क हसतोय असं वाटतं, हे ब्रिटनमधल्या अभ्यासांत दिसलं आहे. जेवणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिल्लांना पाजणाऱ्या कुत्र्याजवळ मुलांना जाऊ देऊ नये. तान्हं बाळ आणि कुत्रा, मग तो कितीही गरीब असो, खोलीत एकटे सोडू नयेत. कुत्रा जांभया देऊ लागला, ओठ चाटू लागला, मान फिरवून डोळ्यांच्या कडेनं बघू लागला, तर तो 'पुरे' म्हणतोय. गुरगुरला म्हणून त्याला मारू नये. गुरगुरणं थांबवलेला कुत्रा पुढच्या वेळी इशारा न देता चावतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पिसाळल्याचा संशय असलेल्या प्राण्याच्या चाव्यांपैकी 40 टक्के चावे पंधरा वर्षांखालच्या मुलांना होतात. चावा किंवा ओरखडा, घरच्या कुत्र्याचा असो की रस्त्यावरच्या, वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायचा. घड्याळ लावून. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर वाचणं जवळपास अशक्य असतं. मार बसेल म्हणून मुलं चावा लपवतात, त्यामुळे 'चावलं तर रागावणार नाही' हे वाक्य घरात आधीच बोलून ठेवलेलं बरं.

कुत्रा पाळला की हृदय ठणठणीत राहतं, असं हल्ली सर्रास छापून येतं. त्याचं मूळ 1980 च्या एका छोट्या अमेरिकी अभ्यासात आहे. हृदयविकारातून बरे होऊन घरी गेलेल्या 92 रुग्णांपैकी पाळीव प्राणी असलेल्या 53 जणांपैकी वर्षभरात 3 दगावले, तर नसलेल्या 39 पैकी 11. आकडे चित्तवेधक आहेत. नंतरच्या अभ्यासांचे निष्कर्ष मात्र उलटसुलट आले. मुळात धडधाकट माणसंच कुत्रा पाळायला धजावतात, हेही एक कारण असू शकतं. रक्तदाबाची गोळी बंद करून लॅब्राडोर आणू नये. गोदापार्कच्या बाजूनं रोज दोन वेळा चालायला भाग पाडणारं कुणीतरी घरात असणं, हा फायदा मात्र खात्रीचा आहे.

आणि लळ्याची किंमतही आहेच. कुत्र्याचं आयुष्य दहा-बारा, फार तर पंधरा वर्षांचं. म्हणजे पहिलीत असताना आणलेलं पिल्लू बारावीच्या आसपास जाणार, हे गणित आणण्याच्या दिवशीच मांडता येतं. बऱ्याच मुलांच्या आयुष्यातला हा पहिला मृत्यू असतो. मोठी माणसं तिथे गडबडतात. 'त्याला गिरणाऱ्याच्या फार्महाउसवर सोडलंय', 'तो झोपलाय', असं काहीतरी सांगून मोकळी होतात. मेलेला जीव परत येत नाही, त्याला भूक लागत नाही, दुखत नाही आणि हे प्रत्येकाच्या वाट्याला येतं, या गोष्टी बहुतेक मुलांना पाच ते सात वर्षांच्या दरम्यान समजू लागतात. त्याआधी 'झोपला' असं सांगितलं तर मूल स्वतः झोपायला घाबरू शकतं. 'फार्महाउसवर' सांगितलं तर ते वाट बघत राहतं, आणि एक दिवस खरं कळल्यावर कुत्रा गेल्याच्या दुःखात आपण फसवले गेल्याचं दुःख मिसळतं.

मोठ्यांची अवस्था वेगळी नसते. माणूस गेला तर सुतक असतं, भेटायला लोक येतात. कुत्रा गेला तर दुसऱ्या दिवशी ऑफिस असतं आणि "दुसरा आणा की" असा सल्ला मिळतो. ज्या दुःखाला समाज दुःख मानत नाही त्याच्यावर केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकानं 1989 मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्याकडच्या शेतकरी घरांना तो वाचायची गरज नव्हती. पोळ्याला ज्याला पुरणपोळी भरवली तो बैल गेला की घरातलं माणूस गेल्यासारखीच कळा येते, आणि त्यावर तिथे कुणी हसत नाही.

म्हातारा कुत्रा घरात असेल तर मुलांना आधीपासून थोडं थोडं सांगत राहावं. त्याचे सांधे दुखतात, त्याला आता कमी दिसतं. पाणी पाजणं, अंथरूण बदलणं अशी लहान कामं त्यांच्याकडे द्यावीत. वेदना असह्य होऊन पशुवैद्यकांनी इंजेक्शनचा पर्याय सुचवला, तर शाळकरी मुलांना निर्णय झाल्यावर सांगावा, पण निर्णयाचा भार त्यांच्यावर टाकू नये. निरोप घ्यायचा की नाही, हे मात्र त्यांना विचारावं. शब्द साधे वापरावेत: तो मेला, त्याचं शरीर चालायचं थांबलं, तो आता परत येणार नाही. देवावर श्रद्धा असलेल्या घरात 'देवाघरी गेला' म्हणायला हरकत नाही, पण हे त्याच्यानंतर. पट्टा आणि वाडगं लगेच उचलून टाकू नये, मुलाला ठेवायचं असेल तर ठेवू द्यावं. नवीन पिल्लू आणायची घाई तर मुळीच करू नये. मूल तोच प्रश्न आठवडाभर रोज विचारेल, कधी जेवताना, कधी स्कूटरवर मागे बसून. दर वेळी तेच उत्तर द्यावं, पहिल्यांदा दिलं होतं तितक्याच शांतपणे.